मोहाखालचं मौन

बाबांना शांतता हवी होती, एवढ्यासाठी आम्ही डोंगर चढलो!

पवनीतल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत हातमाग आहे. चाळीस वर्षं बाबांनी, म्हणजे गोपाळरावांनी, त्यावर धोतरं आणि कोसा रेशमाच्या साड्या विणल्या. त्या खट्-धप्-धपने त्यांचा उजवा कान जवळजवळ कामातून गेला. त्या साली चैत्र लागताच त्यांनी जाहीर केलं, "आता माग खोलून माळ्यावर ठेवतो. पन आंधी दोन दिवस अशा जागी राहाचं हाय, जिथं कोनाचाच आवाज येत नाही."

माझा भाऊ नीलेश लगेच मित्राचा तंबू मागून घेऊन आला. आईने तांदूळ, पापडांचा डबा, पितळी ताट आणि घरातला सगळ्यात जड जर्मनचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, बांधला. तंबू नीलेशच्या पाठीवर आणि गंज माझ्या! तुमसरहून बपेऱ्याला गेलो, तिथून पुढे सुखराम नावाचा गावकरी वाट दाखवायला सोबत आला. खांद्यावर कुऱ्हाड आणि तोंडाचा पट्टा अखंड चालू.

डोंगराच्या पायथ्याशी बाबा थांबले. आमच्याकडे बोट रोखून म्हणाले, "मंजुषा, नीलेश, आयका. इथून पुढं कोनी तोंड उघडाचं नाही. परवा खाली उतरलो का मंग बोला." आईकडे त्यांनी नुसतं पाहिलं. आईने पदर तोंडावर धरून हसू दाबलं.

सुखरामने मात्र मौन घेतलं नव्हतं. बाबांच्या शेजारून चढताना तो सांगत होता, "भाऊ, मोहाखाली झाडून साफ केलेली जागा दिसन, तिथं बसू नोका. फुलं येचाले आमीच झाडून ठेवतो. पन पहाटेले आमच्या आंधी अस्वल येते. खाताना तेले कायीच सुद राहत नाही. म्हून आमी बोंबलत जातो. आवाज आला का ते आपली वाट धरते. उगामुगा जाऊन अंगावर पडलं मानूस, तं फाडते!"

बाबांनी मोठ्या अदबीने मान हलवली. सुखराम त्यांच्या उजव्या बाजूला होता. त्यातला एक शब्दही बाबांपर्यंत पोचलेला नाही, हे मला कळलं होतं. मी डाव्या कानाशी जाऊन ते पुन्हा सांगायला हवं होतं. पण मौन पाळणारी शहाणी मुलगी ना मी! ती लाज अजून जात नाही.

माथ्यावर झऱ्याजवळ तंबू ठोकून देऊन सुखराम गावात परतला. मग खरंच काही ऐकू येईना. ऐनाच्या आणि धावड्याच्या झाडांमधून दूरवर बावनथडीचं वाळूचं पात्र दिसत होतं, ऊन कलत होतं आणि बाबा एका खडकावर पाय सोडून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

सकाळी फटफटताच आईने तीन दगडांच्या चुलीवर पेज ठेवली. बाबा लोटा घेऊन निघाले. सत्तरेक पावलांवर मोहाचं मोठं झाड होतं. त्याखाली जमीन अंगणासारखी स्वच्छ झाडलेली आणि तिच्यावर पिवळट फुलांचा सडा. बाबांना ती जागा आवडली. लोटा ठेवून ते तिथेच मांडी घालून बसले.

मी हाक मारायला तोंड उघडलं. आणि मिटलं!

बुंध्यामागून काळं काहीतरी हललं. आधी पिल्लू आलं, थेट बाबांच्या पाठीशी. मग त्याची आई.

"बाबा!" मी ओरडले. उशीर झाला होता.

अस्वलीण दोन पायांवर उभी राहिली आणि कोसळलीच त्यांच्यावर! नखं डोक्यात रुतली. बाबांची किंकाळी डोंगरभर घुमली. नीलेश तंबूचा लोखंडी दांडा उपसून धावला आणि तिच्या पाठीत घातला. एक! दोन! ती गर्रकन वळली. तिने त्याचा हात कोपराखाली चावला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मी दगड घेतला. तिच्या तोंडावर मारला, पुन्हा मारला. तिने नीलेशला सोडलं आणि परत बाबांकडे झेपावली.

तेवढ्यात आई आली. दोन्ही हातांत उकळता गंज, पदर कमरेला!

"मुडदा बशिवला तुया! सोड माह्या मानसाले!"

सगळी पेज तिने अस्वलिणीच्या थोबाडावर ओतली. डोंगर हादरेल अशी ती विव्हळली. मान झटकत, झाडावर आदळत ती झुडपात घुसली आणि पिल्लू तिच्यामागे पळालं.

बाबांच्या डोक्याची कातडी कपाळावर लोंबत होती. डाव्या डोळ्याच्या जागी नुसतं रक्त. आईने पातळ टराटरा फाडलं, कातडी जागेवर बसवली आणि बांधलं. तिचे हात भाजले होते, पण गाठ पक्की बसली.

फुलं वेचायला पहाटेच उतारावर आलेला सुखराम आरडाओरड ऐकून धापा टाकत वर आला. मोबाईलला रेंज नव्हती. त्याने दोन बांबू तोडले, तंबूचं कापड त्यांना बांधून झोळी केली. पुढे तो आणि एका हाताने नीलेश, मागे आई आणि मी.

"खालची सारी वाट मोहाची हाय," सुखराम म्हणाला. "अन भाजलेली अस्वलीनबी तितंच कुठंतरी हाय. आता गप राहाल तं सारेच मराल. बोंबला!"

आम्ही बोंबललो. पण वजन घेऊन उतरताना ओरडायला दम कुठून आणायचा? घसा कोरडा पडला. सुखरामचाही आवाज बसला. तेव्हा झोळीतून बाबा पुटपुटले, "ताट द्या मले. अन चमचा." झोळी क्षणभर टेकवून मी त्यांच्या पायाशी टाकलेल्या भांड्यांच्या पिशवीतून दोन्ही काढून दिलं.

ठण्! ठण्-ठण्!

जणू आडवं सूत घेऊन धोटा गेला, फणीने दोनदा ठोकून ते बसवलं. आमच्या घरातला माग जंगलात चालू झाला! त्या तालावर आमची पावलं पडू लागली. जोवर ठोका पडतोय तोवर बाबा आहेत, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं. मध्येच ठोका चुकला की आई मागून विचारायची, "सूत तुटलं का जी?" आणि ठोका पुन्हा लागायचा. चाळीस वर्षं माग थांबला की आतल्या खोलीतून ती हेच विचारत आली होती.

ओढ्याच्या वळणावर वाट दोन दरडींच्या मधून जाते. तिथे ठोका थांबला.

वरच्या दरडीवर ती उभी होती. अर्धं तोंड भाजलेलं, वीस हातांवर! सुखरामची कुऱ्हाड झोळीच्या बांबूला अडकवलेली. झोळी टाकली तर बाबा दगडावर आपटणार. कोणी हललं नाही. ती फुरफुरत खाली वाकली.

"सूत तुटलं का जी?" आई म्हणाली.

"आयकू नाही येत का? सूत तुटलं का, म्हनतो मी! जोडा ना! जोडा!" ती किंचाळली. तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ठण्.

मग ठण्-ठण्! मग जोरात, आणखी जोरात, दोन्ही दरडींतून ताटाचा आवाज गरगरत फिरला! अस्वलीण दचकली. दोन पावलं मागे सरली, पिल्लाला पुढे घातलं आणि झाडीत नाहीशी झाली.

गावापर्यंत ठोका थांबला नाही. तिथून जीप मिळाली.

बाबा वाचले. डावा डोळा गेला, डोक्याला साठ टाके पडले. दवाखान्यात बोलण्याची मनाई होती, वॉर्डात सगळं शांत. ते रात्रंदिवस टक्क जागे. नवव्या दिवशी मला म्हणाले, "मंजू, लय चूप हाय इथं. मले घरी ने."

घरी आणलं तेव्हा नीलेशचा हात प्लास्टरमध्ये होता. बाबांना मागच्या खोलीत निजवलं, तरी झोप येईना. तेव्हा आई पुढच्या खोलीत गेली. उभा जन्म तिने धोट्याच्या कांड्यांवर सूत भरलं होतं, मागावर कधी बसली नव्हती. भाजल्या हातांना फडकं गुंडाळून ती बसली. खट्. धप्. बऱ्याच वेळाने आणखी एक धप्. असलं वेडंवाकडं विणकाम आमच्या घराण्यात कोणी केलं नसेल!

मग तोही आवाज थांबला. बाबांनी उशीवरून मान उचलली आणि बरा कान दाराकडे केला.

"काहून वो," त्यांनी विचारलं, "सूत तुटलं का?"