अकरावी ओळ

बोरूने दहापैकी दहा गुण दिले होते, मग मटकी सडली कशी? चौथीतल्या मृण्मयीला काही केल्या हे कोडे सुटेना.

बोरू म्हणजे बोरवाडीच्या शाळेत वह्या तपासणारा यंत्रमानव. आणि मृण्मयी म्हणजे काहीही लिहायला सांगा, आधी ‘किती ओळी?’ विचारणारी मुलगी. जगताप बाईंनी वर्गाचा ब्लॉग (सगळ्यांना वाचता येईल अशी संगणकावरची वही) सुरू केला, तेव्हाही तिने ‘मोड कसे आणावेत’ यावर मोजून दहा ओळी खरडल्या आणि हात झटकले. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती, त्यामुळे बोरू खूश.

सोमवारी मात्र चंद्रावरच्या वसाहतीतून ब्लॉगवर उत्तर आले.

“ताई, मी रेहान मुजावर, दुसरीत आहे. तू लिहिलंस तशी मटकी पाण्यात ठेवली. तीन दिवसांनी घाण वास आला. आता एकच मूठ उरलीय. पुढचं यान दिवाळीनंतर येणार. माझं काय चुकलं?”

आपले लिहिलेले कुणी खरेच करून बघेल, हे मृण्मयीच्या ध्यानीमनीही नव्हते. तिने बोरूला जाब विचारला, तर तो शांतपणे म्हणाला की त्याने वेलांट्या तपासल्या होत्या, मटकी नाही. आई काय करते ते बघून ये, एवढेच त्याने सुचवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आईच्या मागे जाऊन उभी राहिली. आईने भिजलेली मटकी पाण्यातून उपसली आणि ओल्या फडक्यात सैलसर बांधून ठेवली. उपसायचे! नेमके तेच लिहायचे राहून गेले होते.

शाळेत बोरूने त्यामागचे कारण समजावले. मटकीचा दाणा जिवंत असतो. मोड फुटायला ताकद लागते, म्हणून तो श्वसन करतो (प्राणवायू घेऊन साठवलेल्या अन्नातून ऊर्जा मिळवतो). सतत पाण्यात बुडून राहिला तर त्याला प्राणवायू पुरत नाही. दाणा गुदमरतो आणि सडवणाऱ्या जिवाणूंचे फावते.

मृण्मयीने ते सगळे जसेच्या तसे ब्लॉगवर लिहिले. शेवटी लिहिले, “रेहान, तुझं नाही, माझं चुकलं.” मग तीन दिवस तिला जेवण गोड लागले नाही. उरलेली मूठही सडली तर?

शुक्रवारी फोटो आला. फडक्यातून पांढरेशुभ्र मोड बाहेर डोकावत होते. खाली रेहानने लिहिले होते, “अम्मी उसळ करू देत नाही. म्हणते, वसाहतीतल्या सगळ्यांना आधी बघू दे. ताई, यातले चार दाणे मातीत लावले तर काय होईल?”

मृण्मयीने सुटकेचा निःश्वास टाकला. इतके हलके तिला दहापैकी दहा मिळाल्यावरही वाटले नव्हते. तिने घरून आणलेले मोडाचे चार दाणे शाळेतल्या कुंडीत लावले आणि ब्लॉग उघडला.

“या वेळी किती ओळी?” बोरूने विचारले.

“रेहानला कळेल इतक्या.”