रावसाहेबांच्या मागे कोण कोण

"उद्या सकाळी पाळत ठेवायची," कान्हा म्हणाला.

"कुणावर?" कोंडीने विचारले.

"ते पाळत ठेवल्यावर कळेल."

तिघेजण लोधिवलीच्या ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसले होते. साल १८९९, महिना मे. कठडा इतका तापला होता, की थोडा वेळ या मांडीवर आणि थोडा वेळ त्या मांडीवर असे बसावे लागत होते. कान्हा पनवेलच्या शाळेतून सुट्टीला मामाकडे आला होता. कोंडी त्याची मामेबहीण. चौकच्या शाळेत साठ मुलगे होते आणि ही एक. शुक्रा वरच्या ठाकूरवाडीचा. तो शाळेत जात नव्हता, त्यामुळे त्याला सुट्टीही मिळत नव्हती. रोज पहाटे लाकडाची मोळी डोक्यावरून गावात आणून टाकायची आणि मग या दोघांची बडबड ऐकत बसायचे, हा त्याचा दिवस.

प्रश्न नामाकाकाचा होता. नामाकाका म्हणजे टपालवाला. चौकपासून लोधिवलीपर्यंत दीड कोस वाट. वीस वर्षे तो खांद्यावर थैली टाकून पायी यायचा आणि आठच्या ठोक्याला गावात असायचा. मग गेल्या वर्षी, त्याने आणखी लवकर पोचावे म्हणून, त्याला वरून सायकल मिळाली. तेव्हापासून तो नऊला पोचू लागला.

"वाटेत झोपत आसंल," शुक्रा म्हणाला.

"सायकलवर?"

"मी मोळीखाली झोपतो की, चालता चालता."

"तू माणूस नाहीस," कोंडी म्हणाली. "कान्हा, पण शुक्रवारी काय होणार ते माहीत आहे ना?"

सगळ्या गावाला माहीत होते. गावात मोठी कचेरी गाजवून पेन्शनीत निघालेले रावसाहेब राहत होते. त्यांना मुंबईचे वर्तमानपत्र यायचे, आणि ते उशिरा येते म्हणून त्यांनी तक्रारअर्ज लिहिला होता. लिहून, पाकीट चिकटवून, तो त्यांनी नामाकाकाच्याच हातात दिला. नामाकाकाने तो नीट नेऊन टाकला. आठ दिवसांनी उत्तर आले, तेही नामाकाकानेच आणून दिले. टपालाचे तपासनीस शुक्रवारी लोधिवलीला येऊन घड्याळ लावून बसणार होते. टपाल आठच्या आत आले नाही, तर नामाकाकाची थैली कायमची काढून घेणार होते.

"काकाला विचारलं का कुणी, उशीर का होतो ते?" कान्हा म्हणाला.

"बाबांनी विचारलं. तो म्हणाला, होतो. बाबांनी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, होतो खरा." कोंडी म्हणाली. "पण एक आहे. एकादशीला होत नाही."

"काय?"

"गेल्या एकादशीला आईची वरई चुलीवर होती, तेवढ्यात काका दारात. त्याच्या आधीच्या एकादशीलाही तसंच."

"एकादशीला गावात वेगळं काय असतं?"

"काही नाही. लोक उपाशी असतात, म्हणून चिडतात. रावसाहेब तर घराबाहेरच पडत नाहीत. ओटीवर बसून म्हणतात, बघा, मी घरी डोळ्यांत तेल घालून बसलो की आला की नाही वेळेवर. मला भितो तो."

कान्हाने शुक्राकडे पाहिले. शुक्राने कोंडीकडे पाहिले.

"मंग येरवी रावसाहेब कुटं आसतात?" शुक्राने विचारले.

दुसऱ्या दिवशी सात वाजता तिघे चौकच्या बाहेर, वळणावरच्या पिंपळामागे दबा धरून बसले. दबा धरण्याची तशी गरज नव्हती. त्या रस्त्यावर त्यांच्याकडे बघण्याइतका उत्साह कुणातच नव्हता.

आधी रावसाहेबांचे पागोटे दिसले, मग रावसाहेब आणि मग त्यांची पायगाडी, म्हणजे सायकलच. गेल्या वर्षी, नामाकाकाला सायकल मिळाली त्याच सुमारास, डॉक्टरांनी त्यांना रोज मोकळ्या हवेत पायगाडीवर व्यायाम करायला आणि घाई न करायला सांगितले होते. यातले घाई न करण्याचे पथ्य ते फार कडक पाळत. पहाटे ते चौकला स्नेह्यांकडे दूध प्यायला जात आणि सातला परत निघत. पायगाडी रस्त्याच्या मधोमध चाले. चाले म्हणजे या कडेला झुकत जाई, तिथे थोडा विचार करी आणि त्या कडेला झुकत येई. रावसाहेब मागे कधी वळून बघत नसत, कारण मान वळवली की ते पडत.

त्यांच्या मागे दहा हातांवर नामाकाका होता. तो सायकलवर नव्हता. सायकल हाताने ढकलत होता. त्याच्या मागे पेंढ्याच्या दोन बैलगाड्या होत्या. त्यांच्या मागे देवी टोचणारे डॉक्टर तट्टावर होते आणि तट्टू चालता चालता डुलक्या घेत होते. कुणी एक अक्षर बोलत नव्हते. बैलांच्या गळ्यांतल्या घुंगरांवर गाडीवानांनी फडकी बांधली होती.

चढ आला. रावसाहेब उतरले आणि घाम पुसत उभे राहिले. मागची सगळी वरात थांबली.

"कोन मेलंय का?" शुक्राने हळूच विचारले.

"गप," कोंडी म्हणाली.

रावसाहेब पुन्हा बसले. वरात पुन्हा निघाली.

"पुढं जायाचं आसलं तर हाळी का नाय देत?" शुक्रा म्हणाला. "आमच्या पायवाटंला दोघांच्या डोईवर मोळ्या आसतात. म्होरल्याला मान वळवता येत नाय. मंग मागला सांगतो, उजवीनं येतो रं. म्होरला म्हनतो, ये. आन डावीला सरकतो. झालं."

"ती रानातली रीत झाली," कान्हा म्हणाला. "हा सरकारी रस्ता आहे."

"आसं व्हय," शुक्रा म्हणाला आणि दात कोरू लागला.

दुपारी त्यांनी नामाकाकाला विहिरीवर गाठले. तो पाय पाण्यात सोडून बसला होता.

"काका, तुमच्या सायकलला घंटी आहे. मग वाजवत का नाही?" कान्हाने विचारले.

पोरगा आजारी तर नाही ना, अशा नजरेने नामाकाकाने त्याच्याकडे पाहिले.

"माजा बा रावसाहेबांचा पट्टेवाला होता," तो म्हणाला. "कचेरीच्या दारात स्टुलावर बसायचा. आतनं रावसाहेबांनी घंटी वाजवली, की हा उटून पळायचा. तीस वरसं पळला. आता मी त्यांच्या पाठीमागं घंटी वाजवू? साहेबाला घंटी वाजवून बोलवू?"

"पण तुमची थैली जाईल."

"जाईल," नामाकाका म्हणाला. मग त्याने पाय पाण्याबाहेर काढले. "थैली गेल्यावर सकाळी उटून करायचं काय, त्येवढं कळंना."

तिघे उठले आणि बेत करायला मोरीवर गेले.

बुधवारी कान्हाने पहिला बेत केला. रस्ता सोडून शेताशेतांतून यायचे. नामाकाका आला. पहिल्या बांधावर तो पडला, दुसऱ्या बांधावर सायकल पडली आणि तिसऱ्या बांधावर बाभळीचा काटा चाकात गेला. आजवर त्याला रावसाहेबांच्या सायकलमुळे उशीर होत होता. त्या दिवशी स्वतःची सायकल खांद्यावर घेऊन यायची असल्यामुळे आणखी अर्धा तास उशीर झाला. दारात उभे राहून रावसाहेबांनी ती वेळ डायरीत टिपून घेतली.

गुरुवारी दिवसभर कान्हा चाकाच्या रबराला ठिगळे लावत होता आणि कोंडी विचार करत होती.

"त्यांना मागे बघता येत नाही," ती शेवटी म्हणाली. "मग मागचं पुढे आणायचं. आरसा."

आरसा शुक्राने आणला. त्याच्या बहिणीने, जनाने, तो कशेळ्याच्या बाजारातून घेतला होता. पत्र्याच्या चौकटीचा, तळहाताएवढा. तो मागताना शुक्राने काय काय कबूल केले, ते त्याने कुणाला सांगितले नाही. पण पुढचे दोन महिने तो पाणी भरताना दिसला.

शुक्रवारी रावसाहेब आत दूध पीत असताना पोरांनी तो पायगाडीच्या दांड्यावर सुतळीने बांधला. मागचा रस्ता दिसेल अशा बेताने. रावसाहेब बाहेर आले.

"हे काय?"

"मुंबईला सगळे साहेब लावतात म्हणे," कोंडी म्हणाली. तिने मुंबई पाहिली नव्हती, पण रावसाहेबांनीही मुंबईतली सायकल पाहिली नव्हती.

"असं?" रावसाहेब म्हणाले. ते खाली वाकले. आरशात रस्ता दिसला. त्यांनी तो जरा इकडे फिरवला, जरा तिकडे फिरवला. आता पागोटे दिसू लागले, आणि मिशाही. "सोय चांगली आहे," ते म्हणाले आणि स्वार झाले.

पाव कोस ते स्वतःकडे बघत गेले. मागे नामाकाका होता. त्याच्या मागे गाड्या आणि डॉक्टर होते. आज शिवाय एक लग्नाची वरात होती. घोड्यावर नवरदेव होता, त्याच्या मुंडावळ्या घामाने गालांना चिकटल्या होत्या. वाजंत्रीवाल्यांनी सनया काखेत धरल्या होत्या. मुहूर्त साडेआठचा होता आणि नवऱ्याचा बाप दर दहा पावलांनी सूर्याकडे बघत होता. पुढे जावे असे मात्र कुणी म्हणत नव्हते.

"सात वाजून वीस मिनिटं झाली असतील," कान्हा म्हणाला. "संपलं."

"नाय संपलं," शुक्रा म्हणाला. "कान्हा, ह्यो सरकारी रस्ता हाय, पन मानूस मोळीवालाच हाय. मान वळंना ना?"

आणि तो निघाला. पळत नाही, आपल्या नेहमीच्या चालीने. गाड्या मागे टाकल्या, नामाकाकाला मागे टाकले. रावसाहेबांच्या पाच हात मागे आल्यावर त्याने रानात देतात तशी, भांडणाचा सूर नसलेली, सरळ हाळी दिली.

"रावसाहेब, उजवीनं येतो."

मागे एका गाडीवानाने डोळेच मिटले.

"ये," रावसाहेब म्हणाले. आणि ते डावीला सरकले.

शुक्रा पुढे गेला. जाताना त्याने त्यांच्याकडे बघून रामराम केला. रावसाहेबांनी मान हलवली, थोडे झुकले, सावरले.

शुक्रा वळून उलटा चालू लागला. तशाही चालीत तो पायगाडीच्या पुढेच राहिला. "काका," तो ओरडला, "या की."

नामाकाका सायकलवर बसला. तो जवळ आला, तोंड उघडले आणि मिटले. पुन्हा उघडले. कोंडी त्याच्या बाजूने धावत होती. "म्हणा, काका," ती म्हणाली. "घंटी नाही वाजवायची. नुसतं सांगायचं."

"रावसाहेब," नामाकाका इतक्या हळू म्हणाला, की त्याचे त्यालाच ऐकू आले नसेल. मग जरा मोठ्याने, "रावसाहेब, उजवीनं येतो जी."

"कोण आहे?"

"नामा. पट्टेवाल्या सखाचा."

पायगाडी थांबली. रावसाहेबांनी एक पाय खाली टेकला आणि मग, कधी नव्हे ते, सगळे अंग वळवून मागे पाहिले. त्यांना नामाकाका दिसला. गाड्या दिसल्या. तट्टू दिसले. नवरदेव दिसला, त्याने घोड्यावरूनच नमस्कार केला.

"हे सगळे कधीपासून मागे आहेत?"

एका गाडीवानाने बैलाच्या घुंगरांवरचे फडके सोडून कमरेला खोचले.

"चौदा महिन्यांपासून," कान्हा म्हणाला. "एकादश्या सोडून."

रावसाहेबांचा चेहरा एकदम उतरला. ते रागावतील असे सगळ्यांना वाटले होते. पण ते फक्त खूप दमल्यासारखे दिसले.

"मला वाटायचं, या रस्त्याला माणूसच नाही," ते म्हणाले. "कचेरीत होतो तेव्हा दाराशी गर्दी असायची. पेन्शन घेतली आणि रस्ता ओस पडला, असंच धरून चाललो होतो." मग त्यांनी नामाकाकाच्या थैलीकडे पाहिले. "अरे, टपाल आहे ना तुझ्याकडे? मग उभा काय? जा पुढे."

नामाकाका गेला. वीस वर्षे पायी चालून घट्ट झालेले त्याचे पाय इतक्या दिवसांत पहिल्यांदाच सायकलवर मनापासून फिरले. त्याच्या मागून गाडीवान आले. "उजवीनं येतो, रावसाहेब." "ये." डॉक्टर आले. "येतो हं." "या, या." नवरदेव आला तेव्हा वाजंत्रीवाल्यांनी एकदम सनया सुरू केल्या, तट्टू जागे होऊन पळाले, आणि रावसाहेब पडता पडता वाचले.

रावसाहेब घरी पोचले तेव्हा तपासनीस ओटीवर पन्हे पीत बसले होते. वर्तमानपत्र चौरंगावर होते.

"सात चाळीस," तपासनीस म्हणाले. "मी स्वतः पाहिलं. आपली तक्रार काही समजली नाही, रावसाहेब."

पोरे अंगणात उभी होती. नामाकाका खांबाआड उभा होता.

"तक्रार खरी होती," रावसाहेब म्हणाले. "उशीर होत होता. तो मी करत होतो. अर्ज मागे घेतो. आणि हे मी शोधलं नाही, या तिघांनी शोधलं. चौदा महिने मोठी माणसं माझ्या पाठीमागे चालली आणि एकानेही तोंड उघडलं नाही. मीही मागे पाहिलं नाही." त्यांनी शुक्राला जवळ बोलावले. "तुला हे कुणी शिकवलं रे?"

"मोळीनं," शुक्रा म्हणाला.

"हुशार आहेत पोरं," तपासनीस म्हणाले आणि तिघांनाही पन्हे मिळाले. शुक्राने दोन पेले घेतले, एक जनाच्या नावाने.

दुसऱ्या दिवसापासून रावसाहेब रस्त्याच्या डाव्या कडेने येऊ लागले. आरसा जनाला परत गेला. जो तो मागून सांगायचा आणि रावसाहेब त्याला "ये" म्हणायचे, शिवाय घरच्यांची चौकशी करायचे. त्यामुळे त्यांना घरी पोचायला दहा वाजू लागले. वर्तमानपत्र पावणेआठपासून ओटीवर त्यांची वाट बघत पडायचे. त्याबद्दल त्यांनी कुठेही तक्रार केली नाही.

आणि नामाकाका आता लवकर मोकळा होत असल्यामुळे पोरांना सायकल शिकवू लागला. कान्हा दोनदा मोरीत पडला. कोंडी तिसऱ्या दिवशी एकटी चालवायला लागली. समोर शुक्रा मोळी घेऊन चालला होता.

"शुक्रा, उजवीनं येते," ती म्हणाली.

"ये," शुक्रा म्हणाला आणि डावीला सरकला.

कोंडीने जोर लावला. आणखी लावला. मोळी तेवढीच पुढे राहिली.

"येतेस ना?" शुक्राने मान न वळवता विचारले. "का मी थांबू?"