येते हं

विद्यापीठाच्या मुख्य इमारतीत शिरलं की समोरच एका काचेच्या पेटीत उद्याचं विद्यापीठ मांडून ठेवलेलं होतं. पांढरेशुभ्र मनोरे, स्पंजची झाडं आणि त्यांच्या सावलीत पुस्तकं छातीशी धरून चाललेली नखाएवढी माणसं. शहराच्या पोटात अडकलेल्या विद्यापीठाला आडवं पसरायला जागा उरली नव्हती, म्हणून ते आता उभं वाढणार होतं. कुलगुरू पाहुण्यांना पेटी दाखवत आणि पाहुणे माना डोलवत. नवं उभं करायचं तर आधी जुनं आडवं करावं लागतं, एवढी एकच गोष्ट त्या पेटीत दाखवलेली नव्हती. ते आडवं करण्याचं काम ज्या इंजिनिअरकडे होतं, त्यांना सगळे पाडसाहेब म्हणत.

त्यांनाही या नावाचा राग नव्हता. मेव्हणा घरी आला की मुद्दाम विचारायचा, "काय भावोजी, सध्या काय पाडताय?" आणि हे म्हणायचे, "उजेड सोडून सगळं." एरवी माणूस शिस्तीचा. भुताखेतांवर विश्वास नाही, तोडलेल्या भिंतीबद्दल हळहळ नाही. मात्र त्यांची एक पद्धत होती. इमारत पाडायच्या आदल्या दिवशी ते एकटे प्रत्येक मजल्यावर फिरायचे. प्रत्येक खोलीच्या तोंडाशी उभं राहून मोठ्याने विचारायचे, "आत कोणी आहे का?" मग थांबायचे, कान द्यायचे आणि पुढच्या खोलीकडे जायचे. रिकाम्या इमारतीत कोण कुठे आडोशाला झोपलेलं असेल याचा नेम नसतो. इतक्या वर्षांत त्यांना कधी उत्तर मिळालं नव्हतं.

या खेपेला पाळी मुलींच्या जुन्या वसतिगृहाची होती. मुली केव्हाच नव्या इमारतीत राहायला गेल्या होत्या. भरदुपारी पाडसाहेब वर चढले तेव्हा खोल्याखोल्यांत ऊन पसरलेलं होतं. कॉट हलवल्या होत्या, पण जिथे कॉट होती तिथे भिंतीवर डोक्याच्या उंचीला तेलाचा एकेक गोल डाग राहिला होता. कितीतरी मुली तिथे डोकं टेकून वाचत बसल्या असतील. खोल्यांना दारं नव्हती. ती भंगारवाल्याने काढून नेली होती. फक्त सर्वांत वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खोलीला दार होतं आणि ते अर्धवट लोटलेलं होतं. हे एक विसरला वाटतं, असं पाडसाहेबांच्या मनात आलं.

"आत कोणी आहे का?"

"आहे," आतून बाईचा आवाज आला. "आवरतेय."

पाडसाहेब दचकले. पण बाईमाणसाच्या खोलीत डोकावू नये एवढी रीत त्यांना ठाऊक होती. ते दाराकडे पाठ करून उभे राहिले.

"बाई, उद्या ही इमारत पाडायची आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नाही का?"

"सांगितलं. माझी सोय कुठे केलीय?"

हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. कॅन्टीनवाल्याने विचारला होता, इस्त्रीवाल्याने विचारला होता, म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तर भांडून विचारला होता. उत्तर तोंडपाठ होतं.

"सगळ्यांची सोय केलेली आहे. काळजी करू नका."

आत काहीतरी जड सरकवल्याचा आवाज झाला.

"बरं. येते हं."

"या," पाडसाहेब म्हणाले.

आता निघणाऱ्या माणसाने 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, आणि मागे राहणाऱ्याने 'या' म्हणावं, हे आपल्या जिभेला इतकं वळण पडलेलं असतं की त्यात मन घालावं लागत नाही. पाडसाहेबांनीही घातलं नाही. ते खाली आले. रखवालदार जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तंबाखू मळत बसला होता.

"त्या बाई गेल्या का रे?"

"कोण बाई?"

"वरच्या. शेवटच्या खोलीतल्या."

"साहेब, मी केव्हाचा पायरीवर बसलोय. जिना एकच आहे."

दोघं वर गेले. शेवटच्या खोलीत ऊन होतं, भिंतीवर तेलाचा डाग होता. खोलीला दार नव्हतं. बिजागऱ्या उपटल्याच्या जागी भोकं होती आणि भोकांत कोळ्यांनी जाळी केलेली होती. रखवालदाराने साहेबांकडे पाहिलं. "ऊन फार आहे," पाडसाहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी वसतिगृह ठरल्याप्रमाणे खाली आलं.

त्याच संध्याकाळी ते घरी आले तेव्हा टिल्ली गृहपाठ करत बसली होती. टिल्ली म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. सहावीत होती, पण उंचीने चौथीतली वाटायची, म्हणून टिल्ली. कर्मचाऱ्यांच्या चाळवजा इमारतीत वरच्या मजल्यावर त्यांचं घर होतं. स्वयंपाकघर, बाहेरची खोली आणि पडद्यापलीकडे टिल्लीची छोटीशी खोली. बाबांचा जीव की प्राण असलेली ही पोर पडद्याआड काय करते, हे ते बाहेर बसून नुसत्या आवाजावरून ओळखत.

"बाबा, एक बाई येऊन गेली."

"कोण?"

"तू ओळखतोस म्हणाली. माझी खोली बघितली. इथे छान उजेड येतो म्हणाली."

"मग?"

"मग येते हं म्हणाली. मी म्हटलं, या."

पाडसाहेबांनी बुटाची नाडी सोडायला घेतली होती. ती त्यांच्या बोटांत तशीच राहिली.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. ती एका लॅबमध्ये रक्त तपासायची. उगाच घाबरणाऱ्यातली नव्हती. आधी ती हसली. मग भाजी चिरता चिरता थांबली.

"तुम्हाला वाटलं ती निघाली."

"येते म्हणाली म्हणजे निघालीच ना."

"जाणारी माणसं येते म्हणतात," ती म्हणाली, "पण येणारीसुद्धा येतेच म्हणतात."



पुढच्या दिवसांत घराला ओल्या चुन्याचा वास यायला लागला. पाऊस नव्हता, नळ गळत नव्हता. टिल्लीने आपल्या फडताळाचा अर्धा भाग मोकळा केला. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "असू दे. लागेल." ती कॉटच्या कडेला अंग चोरून झोपायला लागली. खाली पडशील, म्हणून आईने तिला मध्ये सरकवलं, की सकाळी पुन्हा कडेला. एकदा चादर बदलताना आईने नवऱ्याला हाक मारली आणि भिंतीकडे बोट केलं. कॉटच्या वर तेलाचा गोल डाग पडला होता. टिल्लीचे केस मुलासारखे बारीक कापलेले होते आणि तेलाची बाटली बघून ती पळायची. शिवाय डाग तिच्या डोक्याच्या बराच वर होता. मोठ्या बाईने टेकून बसावं, तिथे.

पाडसाहेबांनी तो खरवडला. नवा रंग दिला. रंग वाळायच्या आत डाग वर आला.

ते घाबरले होते. भिंत कशी पडते हे ज्याला ठाऊक असतं, त्याला भिंतीची भीती वाटत नाही. पण ही कुठून पडणार आणि कुणावर, हेच त्यांना कळत नव्हतं. ते साइटवर गेले. जिथे वसतिगृह होतं तिथे आता पायाचा खोल खड्डा होता. माणसं कामाला लागली होती, मिक्सर गरगरत होता. खड्ड्याच्या काठावर उभं राहून पाडसाहेब हळूच म्हणाले, "बाई, चुकून म्हणालो. तुमची सोय झालेली नाही." मुकादमाला वाटलं, साहेब फोनवर बोलताहेत. तो लांब जाऊन उभा राहिला.

रविवारी दुपारी जेवायच्या वेळी आईने स्वयंपाकघरातून नेहमीसारखी हाक मारली. "टिल्ली, जेवायला ये गं."

"येते हं," पडद्याआडून टिल्ली म्हणाली.

टिल्ली केव्हाच येऊन बाहेरच्या खोलीत बाबांसमोर बसली होती. घास तिच्या हातात होता. तिने पडद्याकडे पाहिलं आणि मग बाबांकडे. तिला आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"बाबा," तिने विचारलं, "माझी सोय कुठे केलीय?"

आईने बाहेर येऊन पोरीला जवळ ओढून घेतलं ते कितीतरी वेळ सोडलं नाही. त्याच क्षणी ठरलं. टिल्लीला मामाकडे पाठवायचं, हे घर सोडायचं, आणि तोवर या घरात 'ये' आणि 'या' हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. कुणीही, कुठूनही, कोणाच्याही आवाजात 'येते' म्हणालं, तरी तोंड उघडायचं नाही. पाडसाहेबांनी हे बायकोला बजावलं, टिल्लीला बजावलं आणि सर्वांत जास्त स्वतःला बजावलं.

"मग घरातून निघताना मी काय म्हणू?" टिल्लीने विचारलं.

"काही म्हणू नकोस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा गाडी घेऊन येणार होता. आईला लॅबमधून सुट्टी मिळाली नाही. तिने कामावर निघताना लेकीच्या गालावरून हात फिरवला आणि न बोलता जिना उतरली. टिल्लीची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. पाडसाहेब लेकीवरून नजर हलवत नव्हते.

खाली हॉर्न वाजला.

"चप्पल घाल. मी गॅस बंद करून आलो," असं म्हणून ते स्वयंपाकघरात गेले. गॅसचा खटका दाबला. खिडकी ओढून घेतली. तेवढाच काय तो वेळ.

"बाबा, येते हं."

त्यांचा हात खिडकीच्या कडीवर थांबला. आवाज दारातून आला की पडद्याआडून, ते त्यांना कळलं नाही. जिभेवर शब्द आला होता. त्यांनी तो दातांखाली धरला.

"बाबा, येते ना?"

ओठांवर त्यांनी तळवा दाबला. डोळ्यांतून पाणी आलं, पण ते बोलले नाहीत. आपण जिंकतोय, असं त्यांना वाटलं.

मग अगदी हळू, हिरमुसलेला आवाज आला.

"बरं. जाते."

छोट्या चपला जिना उतरत गेल्या.

पाडसाहेब धावले. दार उघडं होतं. बॅग तिथेच होती. दोन-दोन पायऱ्या गाळत ते खाली आले. मेव्हणा जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसून बूट झटकत होता.

"टिल्ली?"

"तिलाच घ्यायला आलोय की," मेव्हणा म्हणाला. "वरच आहे ना?"

"आत्ता खाली आली."

"भावोजी, हॉर्न दिल्यापासून मी इथेच बसलोय. जिना एकच आहे."

ते पुन्हा वर आले. मेव्हणा मागून काहीतरी विचारत होता.

घरात लख्ख ऊन होतं. पडदा हलत नव्हता. पलीकडे कॉट करकरली, कुणीतरी नीट बसून भिंतीला डोकं टेकवल्यासारखी. पाडसाहेबांना लेकीच्या नावाने हाक मारायची होती. तोंडातून आली ती सवयीची हाक.

"आत कोणी आहे का?"

"आहे," टिल्लीच्या आवाजात उत्तर आलं. "सगळं लावून झालं."