तंबाखू मळून होईपर्यंत

नेसरीच्या बाजारपेठेमागे गुंडू मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज आहे. उसाचा हंगाम नुकताच लागला होता, आणि आण्णांचा जुना ट्रॅक्टर तिथे बॉनेट काढून उभा होता. इरावती उपड्या डब्यावर बसून बघत होती. कागलच्या एमआयडीसीत, ओतकामाच्या कारखान्यात ती माल तपासते. वरून धड दिसणाऱ्या लोखंडात भेग आहे का, हे शोधणं तिचं रोजचं काम.

आण्णा, तिचे वडील, श्रावणात गेले. धाकट्या भावाने, धैर्यशीलने, अट घातली होती: ओढ्याकडच्या चढावरून उसाची भरलेली ट्रॉली या ट्रॅक्टरने वर आणली तर तो राहील. नाहीतर रविवारी शोरूमला जाईल, नव्याच्या बदल्यात.

"आक्का, आठवण म्हणून लोखंड किती दिवस सांभाळायचं गं?" तो म्हणाला होता. इरावतीने इंजिनाचा जोर वाढवणारा टर्बो आणला.

"वाया जाणाऱ्या धुरावरच ह्यो पंखा फिरतोय," गुंडू नट आवळत म्हणाला, "आन् इंजनात जादा हवा कोंबतोय. म्हाताऱ्याला नवी फुप्फुसं बसवली म्हणा की!"

"म्हाताऱ्याला सोसेल का पण?"

"सोसंल. हावरटपणा करायचा न्हाय. आन् एक ध्यानात ठेवा, ताई. काम झालं की लगेच बंद करायचा न्हाय. टर्बो तापल्याला असतोय, त्येला त्याल मिळाय पायजे. एक तंबाखू मळून हुईस्तोवर सावकाश चालू ठेवायचा, मग स्टॉप वडायचा."

इरावतीने मान वर केली.

आण्णा नेमकं तेच करत. शेतातून आले की इंजिन मंद चालू ठेवून सीटवर बसून राहत. तंबाखू मळत, चुन्याचं बोट डाव्या मडगार्डला पुसत आणि मगच स्टॉप ओढत. आई आतून ओरडायची, "बंद करा की त्यो धडधडा!" आण्णांचं उत्तर ठरलेलं. "टेकू दे की त्येला जरा."

"पण तेव्हा टर्बो कुठे होता?" तिने विचारलं.

"सवय असंल," गुंडू म्हणाला. "साध्या इंजनाला कोण येवढं थांबतंय?"

मडगार्डवरचा चुन्याचा जुना पांढरा थर आता दिसत नव्हता. गुंडूने हौसेने तारेच्या ब्रशने घासून वर लाल रंगाचा हात मारला होता. "चकाचक केलाय बगा," तो म्हणाला. चुन्याची डबी तर इरावतीनेच आण्णांच्या चितेवर ठेवली होती. घरात दुसरं कुणी तंबाखू खात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर चढ चढला. बारीक शिट्टी घालत, मध्ये एकदाही न दबता.

"आयला! वारं प्यालंय की गं म्हातारं!" धैर्यशील वरून ओरडला. गोठ्यासमोर येताच त्याने स्टॉप ओढला आणि उडी मारली.

इंजिन बंद झालं नाही.

त्याने पुन्हा ओढला, एक शिवी हासडली. इंजिन मंद, एका लयीत चालत राहिलं. मग थोड्या वेळाने आपलं आपण थांबलं.

"स्टॉपची तार अडकली असंल," बघायला आलेला गुंडू म्हणाला. त्याने नवी तार टाकली. धैर्यशीलच्या हातून पुन्हा तेच. इरावतीने मात्र ट्रॅक्टर आणला, सीटवर बसून थोडं थांबली आणि स्टॉप ओढला, तर पहिल्या ओढीलाच बंद.

"माणूस बगून वागतंय व्हय?" गुंडू हसला. पण ते हसू टिकलं नाही.

टर्बोतून तेल गळून आत गेलं, तर डिझेल तोडल्यावरही इंजिन चालू राहतं, हे तिला माहीत होतं. पण तसं इंजिन पिसाळतं, निळा धूर ओकतं. हे तर शांत होतं. तिने हवेचा पाइप सोडवून आत बोट फिरवलं. बोट कोरडं. इंजिनातलं तेलही होतं तेवढंच.

शनिवारी ऊन कलताना ती रिकामी ट्रॉली घेऊन घरी आली. या वेळी मुद्दाम थांबली नाही. खाली उतरली, जमिनीवर उभी राहूनच स्टॉप ओढला आणि तसाच ओढून धरला.

इंजिन चालू राहिलं.

सायलेन्सरवरचं झाकण थडथडत होतं. ती एकेक भाग नजरेने तपासत गेली. पंप. पाइप. तार.

मग सीट.

स्प्रिंगची ती जुनी सीट माणूस उतरला की कर्रकन बोटभर वर यायची. ती उतरून बराच वेळ झाला होता. सीट अजून दबलेलीच होती.

तिने हळूच स्टॉप सोडून दिला. पण जागची हलली नाही. बघत राहिली.

इंजिनाच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता. तळहातावर बोटं आपटल्याचा. मळलेल्या तंबाखूची भुकटी झटकताना होतो, तसा.

सीट कर्रकन वर आली.

इंजिन थांबलं.

"बंद झाला का गं, आक्का?" धैर्यशील आतून ओरडला. "उद्याचं नको म्हणून सांगतो शोरूमला. राहू दे गड्याला!"

"सांग," ती म्हणाली.

ती वळसा घालून डाव्या बाजूला गेली. नव्या लाल रंगावर, नेहमीच्या जागी, बोटाएवढा एक पांढरा फराटा होता. तिने त्यावर बोट टेकवलं.

चुना ओला होता.