दार उघडलं, मिळालं

माझ्या धाकट्या बहिणीला जुळं झालं, त्या वर्षी आमच्या शीतगृहात नवी यंत्रणा बसली. मी तिथे दार सांभाळायचे. वय चव्वेचाळीस; माझ्या लग्नाचा विषय घरच्यांनी केव्हाच सोडून दिला होता.

यंत्रणा बसवायला आलेला प्रोग्रामर माझ्याच वयाचा. अर्धे केस गेलेला. लाजला की चष्मा पुसायचा.

"हे करतं काय?" मी विचारलं.

"आतापर्यंत ऑफिस दर पाच मिनिटांनी विचारायचं, दार उघडं आहे का? आता दार स्वतःच सांगेल. उघडलं, की त्याच क्षणी इंटरनेटवरून निरोप जाईल."

"आणि वाटेत हरवला तर?"

"तिकडून 'मिळालं' येईपर्यंत तोच निरोप पुन्हा पुन्हा जातो."

"भलतंच चिवट!"

"माझ्यासारखं नाही..." तो म्हणाला, आणि चष्मा पुसू लागला.

तपासणी महिनाभर चालली. तो आवाराच्या पार दुसऱ्या टोकाला ऑफिसात, मी दाराशी. निरोपात चार शब्द लिहायला जागा होती, आणि तपासणीपुरतं 'मिळालं' तो स्वतः हाताने पाठवायचा.

मी लिहायचे — दार उघडलं. जेवलात का?

तिकडून यायचं — मिळालं. नाही. तुम्ही?

मग मी दार जरा जास्तच वेळा उघडू लागले. आतल्या सफरचंदांना घाम फुटला असेल!

शेवटच्या दिवशी कळलं, काम संपलं; उद्यापासून तो दुसऱ्या शहरात. मी लिहिलं — दार उघडलं. माझ्याशी लग्न कराल?

तिकडून 'मिळालं' येईना. पाच मिनिटं... दहा मिनिटं... मग ऑफिसातल्या साहेबांचा फोन.

"अहो बाई, भिंतीवरच्या पडद्यावर एकोणतीस वेळा आलंय! सगळे टाळ्या पिटतायत. आता दार तरी लावा!"

कुठे तोंड लपवू असं झालं. तेवढ्यात तो धापा टाकत समोर.

"'मिळालं' का नाही पाठवलंत?" मी चिडून विचारलं.

"पाठवलं असतं, तर थांबलं असतं ना ते... आजवर असं कुणी विचारलंच नव्हतं मला. म्हटलं, येऊ दे अजून थोडं."

"आणि उत्तर?"

"ते समोर येऊन द्यायचं होतं... हो."

बहीण म्हणाली, "ताई, एवढी कसली घाई? चव्वेचाळीसच तर झालीस!"

अकरा वर्षं संसार झाला. गेल्या वर्षी नऊ सप्टेंबरला सकाळी हृदय बंद पडून ते गेले.