ओहोटी चहाला येईल तेव्हा

बबडीनं खिडकी उघडली, तर समुद्राच्या जागी एक माणूस चहा पीत बसला होता.

आणि बसला होता तोही अगदी नाकासमोर! तिनं हात लांबवला असता, तर त्याच्या बशीतलं बिस्किट सहज उचलता आलं असतं.

"समुद्र कुठाय?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"पलीकडच्या बाजूला," तो शांतपणे म्हणाला. "तिकडच्या खोल्या महाग असतात."

हे काम आत्याचं. आत्याला जन्मभर समुद्रावर जायची हौस आणि जन्मभर बोट लागायची खोड. नुसतं तळ्यात पाय सोडून बसली तरी तिचा चेहरा हिरवा पडायचा. मग कुठूनसं तिला कळलं, की एक जुनी आलिशान बोट आहे, ती एका बेटाला जाऊन लागते आणि मग सुट्टी संपेपर्यंत तिथून हलतच नाही. खाणं, पिणं, झोपणं बोटीवर. दिवसा बेटावर भटका, नाहीतर वर आरामखुर्चीत पडून राहा. "म्हणजे ती जाते कुठे?" बबडीनं विचारलं होतं. "कुठ्ठे जात नाही! तीच तर मजा!" आत्या म्हणाली आणि जोडीला भाचीचंही तिकीट काढून मोकळी झाली. येतानाची रात्र तिनं गोळी घेऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून काढली. आता बोट धक्क्याला बांधल्यापासून मात्र ती एखाद्या दर्यावर्दीच्या थाटात वरच्या मजल्यावर फिरत होती.

"पण तुम्ही इथे काय करताय?" बबडीनं विचारलं. "माझ्या खिडकीत?"

"खिडकी माझ्या धक्क्यावर आलीय," तो म्हणाला. "मी दोर बघतो. पाणी चढलं की बोट वर जाते, तेव्हा दोर सैल सोडायचे. पाणी उतरलं की बोट खाली येते, तेव्हा ओढून घ्यायचे. आत्ता पूर्ण ओहोटी आहे, म्हणून तुम्ही माझ्यासमोर आहात. भरतीला तुमची खिडकी त्या दिव्याएवढी वर जाईल."

"आणि तुम्ही?"

"मी काय… मी खालीच." आणि तो हसला.

बस्स. इथेच सगळा घोटाळा झाला.

बबडी एका दातांच्या डॉक्टरांकडे कवळ्या बनवायची. माणूस दिसला की ती आधी त्याचे दात बघायची, मग चेहरा. दिवसभर सरळ, एकसारखे, शहाण्या मुलांसारखे ओळीत उभे दात बनवून बनवून तिला त्यांचा वीट आला होता. आणि याचा वरचा सुळा… तो शेजारच्या दातावर जरासा चढून, मान तिरकी करून बाहेर डोकावत होता. असला सुळा तिला कुणी लाख रुपये दिले तरी बनवता आला नसता.

"काय बघताय?" त्यानं विचारलं.

"काही नाही. दात."

"काय?"

"म्हणजे… माझं कामच आहे ते." तिचे कान तापले. तिनं घाईघाईनं कवळ्यांचं सगळं सांगून टाकलं, ठशापासून पॉलिशपर्यंत. तो मन लावून ऐकत होता. कवळीबद्दल इतकं मन लावून आजवर कुणीही ऐकलं नव्हतं.

"मग माझ्या बाबांना भेटाच," तो म्हणाला. "तोंडाचं नुसतं बोळकं झालंय. बेटावर दातवाला डॉक्टर नाही. बिस्किट बुडवून खातात आणि म्हणतात, चावायला वेळ कुणाला आहे!"

त्यानं किटलीतून दुसरा कप भरला आणि पुढे केला. मधे पाण्याची एक अरुंद फट होती, काळीशार. ती खिडकीतून कमरेपर्यंत वाकली. कप हातात येताना त्याची बोटं लागली. दोरांनी खरखरीत झालेली, गरम. चहात साखर होती की नव्हती, हे तिला नंतर काही केल्या आठवलं नाही.

"बबडेऽऽ! अगं कुठे उलथलीस?" वरून आत्याची हाक आली.

"बबडी?" त्याचा सुळा पुन्हा डोकावला.

"ते… घरचं नाव आहे. हसू नका."

"नाही हसत. उद्या या ना, बबडी. ओहोटीला. चहा ठेवतो."

"येईन की," ती म्हणाली. खिडकी लावून घेतली आणि उगाचच आरशात स्वतःचे दात बघितले.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ती तयार होती. निळा कुडता, कानात मोत्याचे डूल. हे डूल ती एका कवळीच्या रिकाम्या डबीत ठेवायची, झाकणावर डॉक्टरांचं नाव, पत्ता आणि फोन नंबर छापलेला. तिनं खिडकी उघडली. खाली स्टूल होतं, किटली होती. माणूस नव्हता. खिडकीही कालच्यापेक्षा जरा उंच वाटत होती. ती वाट बघत राहिली. मग आत्या तिला हौजी खेळायला ओढून घेऊन गेली, आणि तिथून जेवायला.

तिसऱ्या दिवशी तेच. खिडकी आणखी वर, स्टूल आणखी खाली.

चौथ्या दिवशी तिनं डूल घातले नाहीत.

वरच्या मजल्याच्या कठड्यावरून तो दिसायचा. धक्क्याच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरा, अंगाला झोक देऊन दोर ओढणारा. ती तिथे जाऊ शकत नव्हती. ताणलेला दोर तुटला तर माणसाचा जीव घेतो, म्हणून त्या बाजूला साखळी लावलेली होती, प्रवाशांना सक्त मनाई. आणि त्याला बोटीवर पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. दोन दिवस तर ती त्या साखळीपाशी जाऊन उभी राहिली, उगाच, बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं. तिच्या बुटाला नाडी नव्हती.

*चहा ठेवतो म्हणाला होता. असं दर फेरीला एकीला म्हणत असेल. आणि आपण डूलबिल घालून…* तिला स्वतःचाच राग आला. आणि रागाच्या खाली जे होतं, ते रागापेक्षा वाईट होतं. तिला त्याची आठवण येत होती. ज्याच्याशी जेमतेम एक कप चहाइतकी ओळख, त्याची आठवण यावी म्हणजे काय! पण येत होती. ताटावर, आंघोळीला, आत्याच्या घोरण्यातसुद्धा.

"तुझं लक्ष कुठे असतं गं?" आत्यानं विचारलं. "बोट लागली का तुला?"

"बांधलेली बोट कुणाला लागते, आत्या?"

"लागते हो," आत्या तिच्याकडे रोखून बघत म्हणाली. "एखादीला लागते."

शेवटचा दिवस उजाडला. दुपारी भरतीला बोट निघणार होती. बबडी सकाळी बॅग भरत होती, तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टकटक झाली.

तिनं उघडली. समोर, अगदी नाकासमोर, एक म्हातारेबुवा स्टुलावर बसले होते. तोंडाचं बोळकं. हातात कप. शेजारी आणखी एक कप, भरलेला.

"तूच का ती बबडी?" ते म्हणाले. "अगं पोरी, एकदा येऊन चहा पिऊन जा बाई! हा रोज दोन कप ओततो, खिडकीकडे बघत बसतो, आणि मग दोन्ही मला पाजतो. माझी झोप उडालीय."

"रोज?" ती म्हणाली. "पण मी रोज बघते चहाच्या वेळी! तुमचा मुलगा कधीच नसतो."

"चहाच्या वेळी कसा असेल? तेव्हा पाणी उतरत असतं. दोर कोण ओढणार, मी?"

"पण पहिल्या दिवशी तर ओहोटी चहाच्या वेळीच—"

म्हातारेबुवांनी कप खाली ठेवला आणि ते मागे वळून ओरडले, "अरे ए शहाण्या! इकडे ये! हिला ओहोटी रोज त्याच वेळी येते असं वाटतंय!"

तो धावत आला. हातात दोर तसाच.

"ओहोटी रोज पुढे सरकते," तो म्हणाला. "थोडी थोडी. आज चहाला, तर उद्या चहा झाल्यावर, परवा दिवेलागणीला… हे… हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"आमच्याकडे समुद्र नाही हो! मला कसं माहीत असणार?"

"आणि मला वाटलं, खिडकी मुद्दाम बंद ठेवलीत."

"मी वर हौजी खेळत होते! तुमच्यावर रुसून!" तिला हसूही येत होतं आणि रडूही. एवढे सगळे दिवस! एवढ्या सगळ्या ओहोट्या! फुकट गेल्या, चहासकट.

म्हातारेबुवा उठले. "मी जरा… तिकडचा दोर बघून येतो," म्हणाले आणि कुठल्याच दोराकडे न बघता निघून गेले.

मग ते दोघं बोलत राहिले. काय बोलले? काही विशेष नाही. त्याला झोप कधी मिळते, तिला मेणाचा वास आवडतो, त्याची आई तो लहान असताना गेली, तिला पोहता येत नाही. बोलता बोलता तिला मान जरा खाली करावी लागली. मग आणखी जरा.

"पाणी चढायला लागलं," तो म्हणाला.

"थांबव ना," ती म्हणाली. 'तू' कधी आलं, तिचं तिलाच कळलं नाही.

"तेवढं सोडून काहीही सांग." तो वर बघत होता. "बबडी… पुन्हा येशील?"

तिला 'हो' म्हणायचं होतं. पण पुन्हा म्हणजे कधी? पुन्हा बोट, पुन्हा साखळी, पुन्हा तो खाली आणि ती वर? ओठांपर्यंत आलेलं तिथेच अडकलं. आणि तेवढ्यात टोकाकडून कुणीतरी त्याला हाक मारली, दोर ताणला होता. तो गेला. जाताना तीनदा वळून बघत गेला. खिडकी हळूहळू वर जात राहिली.

दुपारी सगळे प्रवासी कठड्याशी जमले. बोटीची शिट्टी झाली. दोर एकेक करून सुटत होते, आणि सोडत होता तोच. दुसरं कोण सोडणार? त्याचं कामच ते. शेवटच्या दोरापाशी तो थांबला. त्यानं वर पाहिलं. फार खाली होता तो, आणि दोघांच्या मधे ही एवढी माणसं.

आत्या शेजारी उभी होती, गोळी हातात, पट्टी कपाळावर. "बोल की कार्टे," ती पुटपुटली. "मला आडवं पडायचंय. माझा खोळंबा करू नकोस."

बबडीनं दोन्ही हात तोंडाशी धरले. जन्मात कधी मोठ्यानं बोलली नव्हती ती.

"बाबांना कवळी बसवायला घेऊन ये!"

कठड्यावरच्या सगळ्या माना वळल्या.

"काय?" तो खालून ओरडला.

"कवळी! बाबांची!" तिनं पर्समधली डबी काढली, डूल मुठीत रिकामे केले आणि डबी भिरकावली. त्यानं ती छातीशी झेलली. झाकणावरचा पत्ता वाचला. "आणि तूही ये! तू आधी ये!"

"कधी?"

मग तिला उत्तर सुचलं, आणि तिचा आवाज धक्काभर घुमला—

"ओहोटी पुन्हा चहाला येईल तेव्हा!"

लोक हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. त्यानं दोर सोडला. एवढ्या उंचीवरूनही तिला तो सुळा दिसला, किंवा दिसल्यासारखा वाटला.

घरी परतल्यावर बबडीचं चहाचं वेळापत्रक बिघडलं. आधी ती उठल्या उठल्या चहा घ्यायची. मग नाश्ता झाल्यावर. मग डॉक्टरांचे पेशंट ताटकळत असताना. मग चक्क जेवणाच्या वेळेला, पोळी बाजूला सारून. "अगं, ही काय चहाची वेळ आहे?" आई करवादायची. "आज हीच आहे," बबडी म्हणायची आणि कप घेऊन खिडकीशी उभी राहायची. खिडकीबाहेर समोरच्यांची वाळत घातलेली चादर होती. ती त्या चादरीकडे असं बघायची, की जणू तिच्यामागे धक्का आहे. फोन वाजला की जीव गोळा व्हायचा. फोन त्याचा कधीच नसायचा. एका कवळीला तिनं नकळत जरासा तिरका सुळा बसवला आणि डॉक्टरांची बोलणी खाल्ली.

आणि मग एके दिवशी ओहोटी सरकत सरकत चहाच्या वेळेला आली.

बबडीनं डॉक्टरांच्या दवाखान्यातच दोन कप ठेवले. वाफ निघाली, विरली. साय धरली. *वेड्यासारखी वाट बघतेस,* ती स्वतःला म्हणाली. *दोर सोडून येतंय कोण…*

दारावर टकटक झाली.

दारात म्हातारेबुवा उभे होते, इस्त्रीच्या सदऱ्यात. त्यांच्यामागे तो. हातात ती डबी.

"बाबांना कवळी हवी होती," तो म्हणाला. "मी नुसता सोबत आलोय."

"खोटं बोलतोय," बाबा म्हणाले. "बोट रंगवायला गेली, तर स्वारीनं मला झोपेतून उठवून आणलंय."

"फोन का नाही केलास?" बबडीनं विचारलं. "एकदा तरी?"

"ओहोटी कुठे चहाला आली होती?" तो म्हणाला, आणि हसला.

तिनं साय आलेला कप त्याच्या हातात दिला. बोटं लागली. तीच खरखरीत, तीच गरम. या वेळी कुणीच हात मागे घेतला नाही.

"किती दिवस लागतात गं कवळीला?" त्यानं हळूच विचारलं.

"चार-पाच दिवसांत होऊन जा—" आतून डॉक्टरांचा आवाज आला. बबडीनं पायानंच आतलं दार लोटून दिलं.

"खूप लागतात," ती म्हणाली. "आधी ठसा घ्यायचा. मग माप. मग मेणात दात लावून बघायचे. आणि बाबांना आवडले नाहीत, तर… पुन्हा पहिल्यापासून."

"मला नाही आवडणार," बाबा म्हणाले, आणि खुर्ची ओढून ऐसपैस बसले.