वाट पाहून राह्यले

मी मूळची संगमनेरची. सावली गावच्या कॉलेजात मराठी शिकवते. स्वभावाने खडूस आहे असं पोरं माझ्यामागे म्हणतात, आणि ते खोटं नाही. यंदा पोरांना ऑनलाइन ज्ञानकोशात लेख लिहायला शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पोरं चांगली, पण ज्याला त्याला आपलं गाव म्हणजे स्वर्ग. 'आमचं गाव लय भारी' हे वाक्य मी किती लेखांतून खोडलं असेल, देव जाणे. स्तुती नको, पदरचं काही नको, पुराव्याशिवाय ओळ नको. भांडायचं तर लेखाच्या चर्चा पानावर, खाली सही करून. संध्याकाळी पोरं एसटीनं गेली की कॉम्प्युटरची खोली खायला उठायची. खोलीवर जाऊन तरी बोलणार कोणाशी? म्हणून मी बसून राहायचे.

साक्षीने येरमटोल्यावर लेख लिहिला. येरमटोला हे तिचं जंगलातलं गाव. वाघांसाठी सरकारने ते उठवलं आणि सगळी घरं इकडे आली. तिचे आजोबा, लटारू, तेवढे आले नाहीत. निघायच्या सकाळी ते बैल सोडायला गेले आणि परतलेच नाहीत. लेखाची शेवटची ओळ होती, 'तिथले लोक वाट पाहून राह्यले.'

"गाव रिकामं आहे ना? मग कोण वाट पाहतंय?"

"माय म्हणते, म्याडम."

"माय म्हणते हा पुरावा होत नाही."

इकडे 'पाहून राह्यले' म्हणजे आत्ता पाहत आहेत. एवढं मला कळतं. पण रिकाम्या गावाला वर्तमानकाळ कुठला? मी ओळ सुधारली, 'लोक वाट पाहत राहिले.'

दुसऱ्या दिवशी ओळ पुन्हा पहिल्यासारखी. बदलणाऱ्याचं नाव नव्हतं, कारण तेवढं दिलेलं, 'राहिले नाई. राह्यले.'

वर्गात असले उद्योग विक्कीचे. त्याला दटावलं तर तो म्हणाला, "मी काऊन करू, म्याडम? माहाच लेख पुरा नाई होऊन राह्यला."

मी चर्चा पानावर लिहिलं, 'कृपया सही करावी. वाट कोण पाहत आहे?'

उत्तर आलं. 'आमी. तुमी बी एकट्याच दिसता.'

चावटपणा वाटला, राग आला. तरी मी उत्तर दिलं. मग रोजच दोन-चार ओळी व्हायला लागल्या. जेवल्या का, तिकडून विचारायचे. साक्षी केवढी झाली, विचारायचे. तुमी बी या ना, म्हणायचे. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. सही करा म्हणायचं मी सोडून दिलं.

तेवढ्यात लांबच्या कुणा संपादकाने लेखावर सूचना लावली. गाव असल्याचा पुरावा नाही, लेख काढून टाकावा.

साक्षी रडायलाच लागली. "लेख गेला तं आमचं गाव कुठीच नाई राह्यनार, म्याडम."

"शाळेच्या भिंतीवर गावाचं नाव होतं म्हणालीस ना? त्याचा फोटो मिळव. पण ज्याने काढला त्यानेच चढवायचा, हा नियम आहे."

"मंग मी जातो."

"एकटी मुळीच जायचं नाही. वनखात्याला अर्ज करू."

तिने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी ती वर्गात नव्हती. फोन लागेना. तिच्या आईचाच मला फोन आला. पोरगी कॉलेजला म्हणून सकाळीच निघाली होती.

मी चर्चा पान उघडलं.

'साक्षी येऊन राह्यली.'

मी लिहिलं, 'तिला परत पाठवा. लेख नको. पुरावा नको.'

मी पान पुन्हा पुन्हा उघडून पाहत होते. मग एक शब्द.

'आली.'

मी कळवल्यावर वनरक्षक गाडी घेऊन येरमटोल्याला गेले. दुपारी परत आले. तिकडे कोणी नाही म्हणाले. फोनला रेंजही नाही.

तरी लेखात फोटो चढला होता, साक्षीच्या नावाने. शाळेची भिंत, तिच्यावर गावाचं नाव, आणि भिंतीपुढे साक्षी. हसत होती. दोन्ही हात रिकामे, खाली सोडलेले. मग फोटो काढला कोणी?

त्या लांबच्या संपादकाने सूचना काढून टाकली होती. खाली सभ्य भाषेत कारण, 'छायाचित्रात बरेच ग्रामस्थ दिसत आहेत. गाव रिकामे नाही. लेख ठेवावा.'

मी फोटो मोठा करून करून पाहिला. मला साक्षी एकटीच दिसत होती.

विक्की माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. फोटो बघत राहिला. मग हळूच म्हणाला,

"एवढे लोकं दाटून उभे हायेत, म्याडम. साक्षीच्या बाजूची जागा रिकामी काऊन ठेवली?"